ऑन्द्रेय पणजोबांचा फोटो

सोमवारी बिबियानाने पणजोबांचा फोटो विभागाच्या भिंतीवर लावला आणि गुरुवारी स्वतःच्याच हाताने ओरबाडून काढला. मधले दोन दिवस मात्र ती नुसती मिरवत होती.

स्लोवाकियातल्या प्रेशोवच्या विद्यापीठात अमेरिका-अभ्यासाच्या दुसऱ्या वर्षाला होती ती. दर वसंतात तिथली मुलं ‘अमेरिका सप्ताह’ भरवायची. यंदा विद्यार्थी मंडळाने ठरवलं, आपल्या भागातून तिकडच्या कोळशाच्या खाणींत गेलेल्या माणसांचं प्रदर्शन करायचं. ज्याच्या घरी जे असेल ते आणायचं. कोणी खाणीतला दिवा आणला, कोणी बोटीचं तिकीट. बिबियानाने गावच्या घरात भिंतीवर टांगलेल्या फोटोचा मोबाईलवर फोटो काढून आणला आणि सगळ्यांनी एकमताने तोच पोस्टरवर घेतला. घेणारच. बाकीच्यांचे पूर्वज फोटोत ताठ उभे, जसे काही फाशीची शिक्षा ऐकतायत. ऑन्द्रेय पणजोबा मात्र खदखदून हसत होते. हॅट मागे सारलेली, खिशावर घड्याळाची साखळी, दोन्ही अंगठे पट्ट्यात. हॅटच्या वर शाईने काढलेला बारीकसा क्रूस. पणजोबा फार देवभोळे होते, परक्या देशात फोटोवरही क्रूस काढायला विसरले नाहीत, असं घरात सगळे सांगत.

गुरुवारी सकाळी हुदाकोवा मॅडमचा तास होता. विषय होता जमावाने केलेल्या हत्यांचा. चित्रं दाखवण्याआधी मॅडम थांबल्या.

“ज्यांना बघवणार नाही त्यांनी बाहेर जा. मी हजेरी कापणार नाही,” त्या म्हणाल्या. “हे फोटो कोणी चोरून काढलेले नाहीत. लोक फोटोग्राफरसमोर हौसेने उभे राहायचे. मग त्यांची कार्डं छापून विकली जायची. लोक ती पोस्टाने घरी पाठवायचे.”

पडद्यावर एक झाड आलं. झाडाला एक काळा तरुण टांगलेला होता. पायांत बूट नव्हते. खाली पंधरा-वीस गोरे पुरुष.

बिबियानाने त्या पायांवरून नजर काढून डावीकडे नेली, आणि तिथे पणजोबा हसत होते.

क्षणभर तिला वाटलं, वर्गातल्या मातूशनेच काहीतरी आचरट गंमत केली. पोस्टर त्यानेच बनवलं होतं. तिने वळून पाहिलं तर त्याचाही चेहरा पांढराफटक पडलेला.

“बिबा,” तो कुजबुजला, “अगं, हा आपल्या पोस्टरवरचा...”

“गप्प बस.”

“अगं पण साखळी बघ ना. अंगठे बघ.”

“गप्प बस म्हणते ना!”

ती एवढ्या मोठ्याने ओरडली की अख्खा वर्ग वळला. ती उठली, बाकांतून धडपडत बाहेर आली. दारासमोरच पोस्टर होतं. ते तिने नखांनी ओढलं, पण अर्धंच निघालं. हसू भिंतीवरच राहिलं. मागून मॅडम आल्या, त्यांनी ते भिंतीवरचं हसू पाहिलं आणि वर्गात परत जाऊन प्रोजेक्टर बंद केला.

दुपारच्या बसने ती गावी गेली. आजोबा, म्हणजे ऑन्द्रेयचे धाकटे चिरंजीव, वय चौऱ्याऐंशी, स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसले होते. तिने भिंतीवरची चौकट उतरवली आणि टेबलावर पालथी घातली.

“काय करतेस गं?”

“उघडतेय.”

“नको, बिबा.”

त्या ‘नको’च्या सुरात आश्चर्य नव्हतं. हात चालवता चालवता तिच्या लक्षात आलं: आजोबांना माहीत होतं.

खिळे निघाले. कार्डाची उजवी बाजू नीट मागे दुमडलेली होती. तिने ती उलगडली. घडीवर झाडाचा रंग उडाला होता, पण पाय स्पष्ट होते. मागे पणजोबांचं अक्षर, बायकोला लिहिलेलं: ‘मी खुशाल आहे. रविवारी आम्ही सगळे. वर खूण केली आहे तो मी.’

खूण! क्रूस नव्हताच तो, नुसती फुली होती.

“आईने दुमडला,” आजोबा म्हणाले. “मी सात वर्षांचा होतो. मी विचारलं, पलीकडे काय आहे? तिने माझ्या थोबाडीत मारली. जन्मात एकदाच. कापून का टाकला नाही, ते मला ठाऊक नाही.”

“तुम्ही कधी उघडलात?”

“ती गेली तेव्हा. परत तसाच लावला.”

“आणि त्याच्याखाली बसून रोज जेवलात?”

“बाप होता गं माझा! मला खांद्यावर घेऊन जत्रेत नेणारा. काय करू मी, सांग तूच, या वयात काय करू?”

ती कार्ड पिशवीत घालून निघाली, तेव्हा ते ओरडले, “लोकांना दाखवलंस तर या घरात पाऊल टाकू नकोस!”

तिने दाखवलं. मंडळात दोन दिवस भांडणं झाली. काही जण म्हणाले, आपल्याच लोकांच्या तोंडाला काळं कशाला फासायचं? शेवटी कार्ड काचेखाली ठेवलं, पूर्ण उलगडून, आणि शेजारी मागच्या मजकुराची प्रत. उद्घाटनाला आलेले लोक हसतमुखाने काचेशी वाकत आणि सरळ होताना तोंडावर हात ठेवत.

तीन आठवडे गावाकडून चकार शब्द नाही. मग एका सकाळी आजोबांचा फोन आला. खुशाली नाही, काही नाही.

“त्या मुलाचं नाव काय होतं?”

तिला कळेचना. “कुठल्या मुलाचं?”

“झाडावरच्या.”

तिने ते मॅडमना विचारून ठेवलं होतं. “एझ्रा टिलमोर. खाणीतच कामाला होता. तेवीस वर्षांचा.”

पलीकडे आजोबांनी ते नाव एकदा अडखळत म्हणून पाहिलं.

“बाबाही तेव्हा तेवीसचेच,” आजोबा म्हणाले आणि फोन न ठेवताच रडू लागले.