खिडकीकडे झुकलेला घट

अठ्ठ्याहत्तर साली सातपूरच्या कामगार वसाहतीत, सुलाबाईंच्या एका खोलीच्या संसारात, नेमाप्रमाणे घट बसला. परडीत माती, मातीत गहू, मधोमध कलश. मागे देवीची तसबीर, तिच्यापाशी अखंड दिवा. पाचव्या माळेला अंकुर बोटभर झाले आणि सगळेच्या सगळे देवीकडे पाठ करून समोरच्या खिडकीकडे वाकले.

शेजारच्या सिंधुबाई कुंकवाला आल्या होत्या. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अगं बाई! सुलाबाई, देवी रुसली की काय तुमच्यावर?"

झालं! सून लता सातव्या महिन्यात. पहिलं मूल जन्मताच गेलेलं. तिनं समोरचं ताट सारलं ते सारलंच. "आत्या, देवीला हेही बाळ नकोय," एवढंच म्हणाली.

बसलेला घट नऊ दिवस हलवत नाहीत, तेव्हा परडी फिरवायची सोय नव्हती. सुलाबाईंनी खिडकीच लावून घेतली, वर गोधडी टांगली. निदान चारचौघींना दिसायला नको!

सातव्या माळेला त्या दुपारच्या कीर्तनाला गेल्या. आरती झाल्यावर बुवांच्या पाया पडून, वाकलेल्या अंकुरांचं सांगत रडल्या. "माझं काय चुकलं, बुवा?"

बुवांनी उपरण्यानं घाम टिपला. "माउली, मला टाळ विचारा, अभंग विचारा. रोपातलं मला काय कळतंय? गाव कोणतं तुमचं?"

"नामपूर."

"म्हणजे कांद्याचं रोप टाकण्यात जन्म गेला! मग मला काय विचारता?"

सुलाबाई वाटेनं आठवत निघाल्या. बांधावरच्या बाभळीखाली टाकलेलं रोप नेहमी मोकळ्या अंगाला कलायचं. तेव्हा कुणी म्हणालं नव्हतं, कांदा रुसला म्हणून!

घरी आल्या तर लता ताट घेऊन बसलेली, डोळ्यांना धारा. "आत्या, बघा! देवीनं ऐकलं!" अंधाऱ्या खोलीत फिकटलेले अंकुर दिव्याकडे, म्हणजे देवीकडेच वळले होते.

गप्प राहिलं तर पोर जेवणार होती. पण उद्या कुणी खिडकी उघडली म्हणजे? सुलाबाईंनी मनातल्या मनात देवीची क्षमा मागितली आणि गोधडी ओढून काढून खिडकी उघडली. उतरतं ऊन परडीवर आलं.

"बाई, ते उजेडाकडे वळतात गं. मघाशी दिवा, परवा ही खिडकी."

लताचा घास हातातच राहिला. "म्हणजे परवाही देवी रुसली नव्हती?"

"रुसेल कशी? दिवा तिचा, मग ऊन काय सिंधुबाईंचं?"

लता खुदकन हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा. मग म्हणाली, "आत्या, लसणाची चटणी आहे का थोडी?"

दसऱ्याला तिनं सासूच्या अंबाड्यात घटातले तुरे खोवले. दोन ठिकाणी वाकलेले, एकदा खिडकीकडे, एकदा दिव्याकडे. सिंधुबाई म्हणाल्या, "नीट तरी खोवायचे!"

"नीटच आहेत ते," सुलाबाई म्हणाल्या.

पौषात लताला मुलगी झाली. सुलाबाईंनी देवीपुढे नारळ फोडला, बुवांना शेला दिला आणि पाळणा खिडकीपाशी बांधला.