चमेलीचं नांदणं

चमेलीला आणलं तेव्हा तिच्या अंगात झालरीचा फ्रॉक होता. कुण्या बड्या माणसाच्या फार्महाऊसवर ती पाहुण्यांना सिगारेट ओढून दाखवायची आणि शिकली-सवरलेली माणसं पोट धरून हसायची. पिंजऱ्यात खरं तर त्यांना घालायला पाहिजे होतं. पण पिंजरे कायम मुक्यांसाठीच बनतात. चोरून देशात आणलेलं ते चिंपांझीचं पिल्लू जप्त झालं आणि हर्सूलच्या पुढं, माळावरच्या आश्रयस्थानात आलं. तिचा फ्रॉक तिथल्या कामगारानं, कडुबानं, कापून काढला. कातडी सोलल्यागत ती किंचाळली आणि मग त्याच्याच गळ्यात पडली. तिथंच सगळं बिघडलं.

कडुबा मुकुंदवाडीहून यायचा. सकाळी रताळी, भोपळा, काकडी चिरायची. पण चिंपांझीच्या पुढ्यात ताट वाढायचं नाही, असा तिथला नियम. रानात या जनावराचा निम्मा दिवस पोटाच्या खटपटीत जातो. इथं आयतं मिळालं तर ते बसल्या जागी स्वतःचे केस उपटत बसतं. म्हणून भोकं पाडलेल्या पाइपात शेंगदाणे कोंबायचे. गोणपाटात रताळी गुंडाळून उंच झोक्यावर बांधायची. सिमेंटच्या खोट्या वारुळात मध ओतायचा, म्हणजे काडी तोडून, सोलून, आत घालून तो चाटावा लागेल. डॉक्टर हिमानी त्याला एनरिचमेंट म्हणायच्या, कामगार म्हणायचे 'उद्योग'. संध्याकाळी शेवग्याच्या, तुतीच्या फांद्या आत टाकल्या की जो तो आपापलं अंथरूण रचायचा.

चमेलीला यातलं काही येईना. वारुळापाशी बसून ती कडुबाकडं हात पसरायची. बाकीचे काड्या सोलत असायचे आणि हा गडी जाळीतून हात घालून तिला मध चाटवायचा.

"लाडानं लेकरू वाया जातं, कडुबा," त्याच्या जोडीला असलेला पुंडलिक म्हणायचा.

"तुझं काय जातंय? तुझ्या खिशातला मध हाय का?"

चमेली वयात आली तसं तिला कळपात सोडायचं ठरलं. कळपाचा म्होरक्या सुभेदार, आणि सगळ्यांत म्हातारी मादी जिजी. कामगारांनी या कामाला नाव ठेवलं, नांदायला पाठवणं. पुंडलिक तर पहिल्या दिवशी ओटीचा नारळच घेऊन आला. सगळे खदखदून हसले. कडुबा हसला नाही.

डॉक्टर हिमानींनी बजावलं, "सुभेदार अंगावर येईल, फरफटत नेईल, एखादी थप्पडही मारेल. नव्याची ते अशीच पारख करतात. तिनं वाकायचं, हात पुढं करायचा, हे तिला तिथंच शिकावं लागेल. रक्त आलं तरच साखळी ओढा, काका. नुसती ओरडली म्हणून नाही."

"व्हय, म्याडम."

साखळी ओढली की कळपाचं आवार आणि चमेलीची खोली यांच्या मधलं लोखंडी दार वर सरकायचं. त्या साखळीवर कडुबाच हवा, कारण दुसरं कुणी असलं की चमेली भिंत सोडायची नाही. पहिल्या खेपेला सुभेदारानं अंगावरचे केस फुलवले, पत्र्यावर लाथा घातल्या आणि तो धावून आला. चमेली किंचाळत दाराशी आली. कडुबानं साखळी ओढली. दुसऱ्या खेपेला तेच. तिसऱ्या खेपेलाही तेच.

"हात थांबला न्हाई, म्याडम."

"दर वेळी?" हिमानींनी चष्मा काढला. "आता सुभेदारही तिला परकी धरायला लागलाय. अजून एकदाच बघू. या वेळी नाही जमलं तर ती बाजूच्या खोलीत राहील. एकटी. जन्मभर."

घरी जेवताना सत्यभामानं, त्याच्या बायकोनं, विचारलं, "आज बी काढली व्हय तिला भायेर?"

"लई वरडत हुती गं."

सत्यभामानं भाकरी परातीत आपटली. "मनी बी वरडत हुती."

मनी म्हणजे मोनिका, त्यांची एकुलती लेक. फर्दापूरला दिलेली. एका दुपारी सुजलेला गाल घेऊन ती दारात उभी राहिली, तर यानं तिला बसूसुद्धा दिलं नव्हतं. 'घरोघरी मातीच्या चुली, पोरी. जमवून घे,' म्हणत परतीच्या एसटीत बसवून आला होता. भाऊबंदांनी त्याला शहाणा बाप म्हटलं. आपल्याकडं शहाण्या बापांना तोटा नाही, म्हणून तर विहिरींना लेकींचा तोटा पडत नाही. मनी विहिरीत गेली नाही. तिनं माहेरी यायचं बंद केलं.

"लेकीला दार लावलं," सत्यभामा म्हणाली, "आन् वांद्रीला उघडताव. उलटं हाय तुमचं."

तो पाणी पिऊन उठला.

शेवटच्या खेपेला डॉक्टर हिमानी गच्चीवर उभ्या होत्या. दार पडलं. सुभेदार आला, त्यानं चमेलीचा पाय धरून तिला मातीतून ओढलं, पाठीत एक ठेवून दिली आणि बाजूला जाऊन बसला. रक्त नव्हतं. चमेली रांगत दाराशी आली आणि फटीतून बोटं घालून ओरडायला लागली. कडुबाला ओरडणं ऐकू येत होतं आणि एसटीची मागची खिडकी दिसत होती.

"थांबा!" गच्चीवरून हिमानी ओरडल्या. "काका, तिच्या मागं बघा! जिजी येतेय!"

तोवर साखळी ओढून झाली होती. चमेली आत घुसली, दार धाडकन पडलं, आणि तेव्हा त्याला जाळीतून दिसलं. म्हातारी जिजी दाराशी येऊन पोचली होती. पाठमोरी बसली होती ती, केस विंचरायला पाठ पुढं करून. ये, बस माझ्यापाशी, असं त्यांच्यात असंच म्हणतात. बराच वेळ ती तशीच बसून राहिली. मग बंद दाराला एकदा हात लावून उठली आणि फांद्या गोळा करायला निघून गेली.

हिमानी खाली आल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "एक क्षण, काका. एकच क्षण हवा होता."

चमेली आता बाजूच्या खोलीत असते. दिवस कलला की पलीकडून कळपाचा हुंकार उठतो. ती भिंतीला कान लावते, उत्तर देते. पलीकडचे आता गप्प राहतात.

एका दुपारी त्या खोलीपाशीच बसून कडुबानं फर्दापूरला फोन लावला.

"मने, ये की गं घरी. कव्हाबी ये. दार उघडं हाय."

पलीकडं कुकरची शिट्टी झाली.

"कशाला, आबा?" मनी म्हणाली. "जमवलंय की आता. तुमीच तर म्हणला हुता. भाजी लागंल. ठेवते."

त्यानं फोन खिशात घातला. त्या दिवशी त्यानं मध चाटवला नाही, नुसता वारुळात ओतून मागं सरला. चमेलीनं हात पसरला, वाट बघितली, रडली. मग तिनं तुतीची काडी उचलली, पाला ओरबाडला, टोक चावलं आणि भोकात घातली. काडी मधानं भरून निघाली. हे ती आज शिकली होती, सगळं होऊन गेल्यावर. निम्मा मध तिनं चाटला आणि उरलेली काडी जाळीतून त्याच्यापुढं धरली. द्यायला तिच्यापाशी दुसरं कुणी नव्हतं.