दोऱ्याचं फळ

भाग्यश्रीने दातांनी गाठ सैल केली आणि लाल दोरा सगळ्यात मोठ्या टोमॅटोच्या देठावरून सोडवला. जाऊबाईंच्या परसात ती एकटीच होती. शेजारच्या घरात राहणाऱ्या तिच्या थोरल्या जाऊबाई, अक्काताई, सकाळीच पेठ वडगावला बारशाला गेल्या होत्या.

दोऱ्याचं फळ खायचं नाही, ते बियासाठी, हा अक्काताईंचा नियम. बी त्यांच्या माहेरचं. फळ चपटं, गुलाबी, देठाशी घड्या पडलेलं. आडवं कापलं की एका चकतीने बशी भरावी. बाजारात असला टोमॅटो मिळत नसे. सोळा वर्षांत भाग्यश्रीने तीनदा बी मागितलं होतं. तिन्ही वेळा उत्तर एकच.

"रोपं न्हे की. बी मी धरतो."

मिळायची ती वाफ्यात उरलेली रोपं.

तिने दोरा भिंतीकडेच्या रोपावर बांधला. त्याची फळं लिंबाएवढी, तीही तडकलेली. मोतीबिंदू झाल्यापासून अक्काताई फळ बघत नसत, दोरा शोधत.

चार दिवसांनी ते मोठं फळ अक्काताईंनीच भिंतीवरून दिलं.

"पिकलंय बघ. भावजींना घाल."

तिच्या नवऱ्याने, श्रेणिकने, चकत्यांवर नुसतं मीठ भुरभुरलं. भाकरी ताटात तशीच राहिली.

"वहिनीच्या हाताला काय हाय कुणास ठाऊक," तो सहज बोलून गेला. "तुझी का अशी येत न्हाईत?"

"माझ्या हातात किडं पडल्यात म्हणून."

तिने त्याच्या पुढ्यातलं ताट उचललं. रस, बिया, सगळं आपल्या परसातल्या मोरीत आपटून धुतलं. मोरीचं पाणी केळीच्या बुंध्याशी जाई.

मार्च सरता सरता अक्काताईंनी सगळी रोपं उपटली. दोऱ्याच्या फळाचं बी राखेत घोळवून वाळवलं. एका रविवारी कॅलेंडरच्या कागदाची पुडी घेऊन त्या आल्या आणि उंबऱ्यातच टेकल्या.

"धर. पुढच्या सालापासनं वाफा तू कर. माझं डोळं गेलं, गुडघं गेलं."

भाग्यश्रीने हात पुढे केला नाही.

"पण तुम्ही बी कुणाला देत न्हाईसा."

"आईनं सांगितल्यालं, हात चालत्यात तवर बी सोडू नगंस. आता कुठं चालत्यात? यंदाचा दोरा बांधला, तो तुझ्याच नावानं." त्यांनी पुडी उघडून बोटाने चाचपली. "जरा थोडंच निघालं गं. फळ मोठं धरलं हुतं मी. माझंच कायतरी चुकलं असंल."

पुडी त्यांनी तिच्या मुठीत दाबली.

"चहा टाकतो," भाग्यश्री म्हणाली. पण ती चुलीकडे न जाता परसदारी गेली.

केळीखाली शालूबाई खुरपं चालवत होत्या. तण काढायला तिनेच त्यांना आज बोलावलं होतं. बुंध्याभोवतीची माती निम्म्याहून जास्त मोकळी झाली होती.

"शालूबाई, उठा."

"आं? अजून ऱ्हायलंय की."

"ऱ्हाऊ दे. मी बघतो."

शालूबाई कंबर धरून उठल्या. भाग्यश्री उकिडवी बसली. उपटलेल्या तणाचा ढीग तिने समोर ओढला. पुडी एका मुठीत तशीच होती. दुसऱ्या हाताने ती ढिगातलं एकेक कोवळं पान चुरून नाकाशी नेऊन टोमॅटोचा वास शोधू लागली.