चौथी म्हैस

मी बोरिवलीजवळच्या एक्सर गावातली, फिलिपच्या गोठ्यातली चौथी म्हैस बोलतेय. माझं नाव रतन. म्हशी कशालाच घाबरत नाहीत असं माणसांना वाटतं, कारण आमचं तोंड सारखं हलत असतं. अहो, पोटात गोळा आला तरी ते हलतच राहतं.

माझा जन्म गुजरातेतला. तरणी असताना मला मुंबईला आणलं. इथं आल्यावर शेजारच्या म्हशींकडून मला पहिली गोष्ट कळली ती म्हणजे वांद्रे. तिथं खाटिकखाना आहे. दूध आटलं की म्हैस भाकड होते, आणि भाकड म्हशीला चारा घालणं कुणाला परवडत नाही. मग व्यापारी येतो आणि तिला वांद्र्याला घेऊन जातो. त्या रस्त्यानं गेलेली एकही परत आलेली मी पाहिली नाही.

पासष्ट साली माझं दूध आटलं. ढोरांच्या डॉक्टरनं सांगितलं, ही आता गाभण राहायची नाही. दुसऱ्याच दिवशी व्यापारी आला, त्यानं माझ्या पाठीवरून हात फिरवला, फऱ्यावर बोटं दाबून पाहिली. फिलिप म्हणाला, "रविवारी ने. चर्चमधली मिस्सा झाल्यावर ये."

बाजूच्या तिघी दुभत्या माझ्याकडे पाहीनात.

शनिवारी सकाळी गुणाजी आला. हा कोकणातला माणूस, खादीवाल्यांच्या कचेरीत नोकरीला. घरोघर गोबरगॅस बसवा म्हणून सांगत फिरायचा. फिलिपनं त्याला कधीतरी बोलावलं होतं आणि विसरूनही गेला होता.

"म्हशी किती?" गुणाजीनं विचारलं.

"तीन."

"तिनांवर नाय भागाचा. चार होयेत."

फिलिपनं माझ्याकडे पाहिलं. "चौथी आहे रे, पण भाकड."

"भाकड असली म्हणान काय झाला? शेण देता ना?"

आजवर सगळ्यांनी मला दुधाबद्दलच विचारलं होतं. शेणाबद्दल विचारणारा तो पहिला माणूस. रविवारी व्यापारी हात हलवत परत गेला.

फिलिपनं घराची कौलं बदलायला पैसे ठेवले होते, ते सगळे त्यानं विहिरीमागच्या गोबरगॅसच्या खड्ड्यात घातले. वर लोखंडाची मोठी टाकी पालथी बसली. त्या पावसाळ्यात घरात जागोजागी पातेली मांडलेली असायची आणि फिलिपची आई उर्सुला प्रत्येक पातेल्याला हाक मारून मुलाचा उद्धार करायची. "शेणाच्या जाळावरचा भात? मी नाय खायची!" तिनं मागच्या दारी आपली वेगळी चूल मांडली. ओल्या लाकडांनी तिला इतकं रडवलं की आठव्या दिवशी ती ताट घेऊन मुकाट्यानं सुनेजवळ येऊन बसली.

सून म्हणजे ग्रेस. ती फुगे फार छान करायची. आंबवलेल्या मैद्याचे ते तळलेले गोळे नसले तर आमच्या गावात लग्नाचं पान हलत नाही. चुलीच्या धुरानं पूर्वी तिचे डोळे लाल व्हायचे, खोकून खोकून छाती दुखायची. आता निळी, शांत ज्योत आली. लग्नाचे फुगे तिच्याकडून जाऊ लागले, मग कांदिवलीच्या एका कारखान्याच्या कॅन्टीननं रोजचे मागितले. एकटीला उरकेना म्हणून तिनं शेवंतीला कामावर ठेवलं. रोज सकाळी आमचं शेण घमेल्यात उचलून, पाण्यात कालवून खड्ड्यात ओतायचं कामही तिचंच. शेवंतीचा नवरा गिरणीतून कमी झाला होता. त्या पगारावर तिचं घर चालू लागलं.

गुणाजी माणसं घेऊन यायचा आणि ऐटीत सांगायचा, "बघा, चार म्हशींच्या शेणार दोन घरां चालतत!"

मला अभिमान वाटायचा, पण भीती काही जात नव्हती. शेण कमी पडलं तर काय, हा एकच विचार. म्हणून मी खात सुटले. पेंड, गवत, केळीची सालं, काही सोडलं नाही. एकदा झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आणलेली मंतरलेली झावळी उर्सुलानं खिडकीत ठेवली होती, तीही ओढून खाल्ली. "वाट लागली! मेलीनं पवित्र झावळी खाल्ली!" म्हणून तिनं गाव गोळा केला. दुसऱ्या दिवशी शेवंतीनं घमेलं उचललं आणि हसून म्हणाली, "आज जरा जपून कालवते हं." मी मात्र घमेल्याकडेच पाहत होते. ते भरलेलं होतं.

चार वर्षं अशी गेली. घरावर नवी कौलं आली. मग गेल्या महिन्यात कॅन्टीननं दुप्पट फुगे मागितले आणि दुपारीच ज्योत बसू लागली. माझ्याच शेणावर धंदा वाढला, आणि एवढा वाढला की त्याला मी पुरेनाशी झाले. हे मला कळलं तेव्हा मी पेंडीच्या टोपलीत आणखी खोल तोंड घातलं.

गोठ्याच्या दारात उभी राहून ग्रेस म्हणाली, "अजून एक टाकी बसवू ना."

"अजून चार म्हशी बांधायच्या कुठं?" फिलिप म्हणाला. "सिलेंडर घेऊ गं. गोठा पाडून इथंच मोठं स्वयंपाकघर करू. या तिघी चारकोपचा अल्फान्सो घेतो म्हणालाय."

"आणि रतन?"

फिलिप दाराची कडी लावत, काढत राहिला.

"रतनचं काय, फिलिप?"

तो आत गेला. ग्रेसनं मला एक फुगा भरवला. तिचे डोळे भरले होते. तिला वाईट वाटतं, खरंच वाटतं. पण ऑर्डर दुप्पट झाली आहे आणि शेवंतीच्या जोडीला आणखी दोघी यायच्या आहेत. माझ्यासाठी तिनं त्यांना नको म्हणावं, असं मी कुठल्या तोंडानं सांगू?

काल सिलेंडर आले, लाल, दोन.

आज सकाळी शेवंती आली. विहिरीवर हातपाय धुतले, पदर खोचला आणि माझ्यासमोरून सरळ स्वयंपाकघरात गेली. आता ऊन गोठ्यात आलंय. मी मान वळवून पुन्हा पुन्हा मागे पाहते आहे. शेण चांगलं आहे गं, भरपूर आहे, कालच्यापेक्षा जास्तच आहे. शेवंती, घमेलं घेऊन ये ना. एवढं उचल ना गं.