दाखल्यात न विचारलेली गोष्ट

चौकातल्या चष्म्यांच्या दुकानाची मालकीण, जिला सगळे चष्मेवालीच म्हणत, हातानं पक्की होती आणि मनानं डळमळीत. भिंगाचा नंबर तिचा कधी चुकायचा नाही. पण गिऱ्हाइकाला न शोभणारी फ्रेम ‘छान दिसते’ म्हणाली, की तिला पाप लागल्यासारखं व्हायचं. मग रविवारी चर्चमधली मिस्सा संपली की ती फादरांना गाठायची. फादर वयस्कर, गुडघ्यांनी हैराण झालेले. एकदा ते म्हणाले, “फ्रेमचं एखाद्या बायको असलेल्या माणसाला विचार. मला त्यातलं काही कळत नाही.” तरी ती यायचीच. स्वतः ठरवलं आणि चुकलं तर? त्यापेक्षा फादरांच्या गळ्यात घातलेलं बरं.

अशात मामा आला.

वडील गेल्यावर मामानंच तिला लहानाची मोठी केली होती. तो शाळेची बस चालवायचा. मुलं त्याला कप्तान म्हणत. दरवर्षी शाळेला द्यायचा नजरेचा दाखला घ्यायला तो भाचीकडेच यायचा. या वेळीही खुर्चीत बसला, तक्त्यावरची अगदी शेवटची ओळ घडाघडा वाचली आणि म्हणाला, “लिही, गरुडाची नजर.”

तिनं पेन उचललं आणि ठेवलं. खुर्चीकडे येताना मामानं कडेचं स्टूल पाडलं होतं. आणि ते काही लहानसहान स्टूल नव्हतं.

“मामा, एक डोळा झाक आणि माझ्या नाकाकडे बघ. माझा हात दिसला की सांग.”

तिनं बोटं हलवत हात त्याच्या कानाच्या बाजूनं हळूहळू पुढे आणला. हात जवळजवळ समोर आला तेव्हा मामा म्हणाला, “हा दिसला.” दुसऱ्या डोळ्याचीही तीच गत. मधलं स्वच्छ, कडेचं गायब. असे डोळे तिनं पूर्वी पाहिले होते. काचबिंदू असावा, आणि त्यावर चष्म्याचा उपाय नव्हता.

“डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायला हवं,” ती म्हणाली. “आणि तोवर बस नको.”

मामा हसला. मग तिचा चेहरा बघून थांबला. “दाखल्यात काय विचारलंय? अक्षरं वाचता येतात का. मी वाचली. तेवढंच लिही, त्यात खोटं काय? शाळेचं वर्ष संपलं की मी स्वतःच सोडणार आहे.”

“मला विचार करू दे.”

“मामासाठी विचार करावा लागतो होय?” असं म्हणून तो निघून गेला. जाताना पुन्हा त्याच स्टुलाला अडखळला.

दुकान बंद करून ती थेट फादरांकडे गेली. ते गुडघा शेकत बसले होते. तिनं सगळं सांगितलं आणि ती म्हणाली, “फादर, मामाचं भलं व्हावं एवढीच माझी इच्छा आहे.”

“इच्छा चांगलीच आहे. पण चांगल्या इच्छेनं केलेलं सगळंच चांगलं होत नाही. करणार काय आहेस?”

“शेवटची ओळ वाचली, एवढंच लिहीन. ते खरं आहे.”

“वाचणारे काय समजतील?”

“मामा बस चालवायला ठीक आहे असं.”

“आणि तुला काय माहीत आहे?”

“म्हणजे शब्द खरे, आणि फसवणूक तर होणारच,” ती म्हणाली. “मग मी काय करू ते सांगा ना.”

“नाही सांगणार. चर्चची शिकवण तुला ठाऊक आहे. मामाचे डोळे तुला माझ्याहून जास्त कळतात. सदसद्विवेकबुद्धी देवानं तुला दिली ती वापरायला, माझ्याकडे जपून ठेवायला नाही. तिथे आत चर्चमध्ये जाऊन शांत बस.”

ती चिडलीच. तरी आत जाऊन बाकावर बसली. आधी डोळ्यांपुढे नुसता मामा होता, तिला खांद्यावर घेऊन चालणारा. मामा तोंड फिरवेल, लोक कृतघ्न म्हणतील. मग तिला जाणवलं, की मघापासून आपण प्रेम प्रेम म्हणतोय त्यात निम्मी तर भीतीच आहे. भीती बाजूला ठेवली तेव्हा बसमधून उतरणारी मुलं दिसली. तिनं प्रार्थना केली ती उत्तरासाठी नव्हे, बळासाठी. उठली तेव्हा कुणाला विचारायचं काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शनिवारची सुट्टी होती; सकाळी मामा शाळेच्या आवारात बस धूत होता. दाराजवळ पत्र्यावर ताजा ओरखडा होता.

“हे कसं झालं?”

“फाटकाचा खांब कुणीतरी सरकवलाय.”

“मामा, मी दाखला देणार नाही. शाळेला तू स्वतः सांग, तुझ्या तोंडून शोभेल. सोमवारी बस निघायच्या आत तू सांगितलं नाहीस, तर मी सांगेन.”

मामानं फडका बादलीत आपटला. “फादरनं शिकवलं वाटतं हे?”

“फादरांनी काही सांगितलं नाही. मी ठरवलं.”

इतक्या ठाम आवाजात ती मामाशी कधी बोलली नव्हती. तिनं त्याला चालकाच्या जागेवर बसवलं. “समोर बघ. मी कुठे आहे ते सांग.” मग ती दाराच्या बाजूनं चालू लागली.

“मागे गेलीस,” मामा म्हणाला.

तिनं पत्र्यावर थाप मारली. ती पुढच्या चाकापाशी उभी होती. मामा दचकला. त्याचे हात कितीतरी वेळ स्टिअरिंगवर तसेच राहिले.

“तिथे पहिलीतली पोरं उतरतात,” तो हळूच म्हणाला. मग किल्ली काढून त्यानं खिशात घातली आणि तो मुख्याध्यापकांच्या घराकडे चालू लागला. सोमवारपर्यंत थांबलाच नाही.

डॉक्टरांनी काचबिंदूच सांगितला. गेलेली नजर परत येणार नव्हती. उरलेली टिकवायला रोज थेंब. बस नव्या माणसाकडे गेली. रस्ता ओळखीचा होईपर्यंत कप्तान त्याच्या शेजारी बसून त्याला भंडावून सोडत होता. भाचीशी मात्र त्यानं बोलणं टाकलं. मामी म्हणाली, “घरात वाघ पाळलाय मी.” चष्मेवालीला वाईट वाटायचं, पण शंका येत नव्हती.

मग एका दुपारी तो दुकानात आला, खुर्चीत बसला आणि त्यानं बाटली पुढे केली. “थेंब गालावर ओघळतात. तू घाल.”

तिनं त्याची मान मागे केली. “अजून रागावलायस?”

“आहेच. मी तुझ्या जागी असतो तर दाखला दिला असता.” तो छताकडे बघत म्हणाला. “आणि रात्रभर तळमळलो असतो. तुला झोप लागते?”

“लागते.”

“मग ठीक आहे,” मामा म्हणाला, आणि त्यानं दुसरा डोळा उघडा धरला.