तेरा फुल्या

माझ्या अठरा कलमांच्या यादीवर माझ्याच पोरीनं तेरा फुल्या मारल्या. त्याही लाल पेनानं. चौतीस वर्षं मी एस.टी.च्या वर्कशॉपात काढली, हेड मेकॅनिक म्हणून रिटायर झालो. आणि ही तेजल, जिनं जन्मात कधी गाडीचं चाक बदललं नाही, ही माझी यादी तपासणार! मी जेवत होतो. ताट सरकवलं आणि उठलो.

तिला सटाण्याला सरकारी नोकरी लागली होती. तालुक्यात गावोगाव फिरून विहिरींचं पाणी तपासायचं, म्हणून गाडी लागणार. माझी घेऊन जा म्हटलं. डिझेल गाडी, चौदा वर्षांची, दोन लाख त्रेसष्ट हजार किलोमीटर पळालेली. सोमवारी सकाळी अकराच्या आत हजर व्हायचं, नाहीतर नेमणूक रद्द आणि वेटिंग लिस्टवरचा दुसरा आत, असं पत्रात स्वच्छ लिहिलेलं. एकदा मुदत वाढवून झाली होती, माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनपायी. आता परत वाढवून मिळणार नव्हती. चार वर्षं पोरगी परीक्षा देत होती, दोनदा एकेका मार्कानं गेली होती. त्यामुळे गाडी रस्त्यात बंद पडून चालणारच नव्हतं, एवढ्या एकाच गोष्टीवर आमच्या घरात एकमत होतं.

एस.टी.त डॉकिंग असतं. ठरलेले किलोमीटर झाले की गाडी आत घ्यायची, उघडायची आणि ज्याचं आयुष्य संपलं ते बदलायचं. चालतंय की नाही हे विचारायचंच नाही. त्याच हिशेबानं मी यादी केली होती. क्लचप्लेट, आल्टरनेटर, स्टार्टर, रेडिएटरचे पाइप, सगळं.

"पप्पा, नवीन सामान बसवलं की नवीन चूक पण बसते," बाईसाहेब म्हणाल्या. "आठवडा राहिलाय फक्त. ज्याच्यामुळे माणूस मरतो नाहीतर रस्त्यात अडकतो, तेवढंच बदला. ब्रेक पॅड, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, फॅनबेल्ट, बॅटरी. बाकीचं नुसतं तपासा. बरं असेल तर सोडून द्या."

"कोणी शिकवलं हे? मोबाइलनं?"

"मोबाइलनं, आणि डोक्यानं. रेडिएटरचे पाइप दोन वर्षांपूर्वीच बदललेत. मी दाबून बघितले, चांगले आहेत. त्यांना कशाला हात लावायचा?"

"किलोमीटर झाले की बदलायचं. संपला विषय."

"सगळंच किलोमीटरवर बदलायचं, तर मग तुम्हाला कधी बदलायचं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुमन, माझी बायको, पोळपाट सोडून मधे आली. "अहो, गप्प बसा, ती गमतीनं म्हणाली." गमतीनं कसली! पोरीच्या तोंडावर हसू नव्हतं आणि माझ्याही नव्हतं. तिथून पुढे चार दिवस आम्ही एकमेकांशी सुमनमार्फत बोललो. तिला सांग, गाडी धुवायचीय. त्यांना सांग, धुवून झालीय.

तिची पाच कामं शुक्रवारपर्यंत देवरामच्या गॅरेजात झाली. देवराम वर्कशॉपात माझ्या हाताखाली होता, आता इथंच द्वारका चौकाजवळ त्याचं स्वतःचं गॅरेज आहे. मी बसवायचो, तो हातातल्या बॅटरीच्या उजेडात एकेक नट बघायचा. वर्कशॉपातली आमची ही सवय सुटलेली नाही, एकानं बसवायचं आणि दुसऱ्यानं तपासायचं. त्याशिवाय तिथं गाडी गेटबाहेर पडत नाही. काम झाल्यावर देवराम म्हणाला, "दादा, लय झालं, आता नका उघडू." त्याला पण पोरीनं पढवलेलं दिसत होतं.

रविवारी सकाळी मी दुकानातून नवे पाइप आणले आणि घरासमोर बॉनेट उघडलं. खरं सांगतो, पाइपांना काही झालेलं नव्हतं. जुना काढून हातात धरला तेव्हा मलाही ते कळलं. पण तिनं फुली मारली होती ना! त्या फुलीवर मला काम करून दाखवायचं होतं.

वरचा पाइप बसवला, दोन्ही टोकांच्या क्लिपा आवळल्या. खालचा बसवत होतो, तेवढ्यात ती बॅटरी घेऊन आली. माझ्या हातातला पाइप तिनं बघितला आणि तिचा चेहराच उतरला.

"झालंच का शेवटी तुमच्या मनासारखं?" ती म्हणाली. मग जरा दम खाऊन, "बरं. एकानं बसवायचं, दुसऱ्यानं तपासायचं, तुम्हीच सांगता ना? सरका, मी बघते."

"तू मला तपासणार? तू?" मी एवढ्यानं ओरडलो की समोरच्या बिल्डिंगीतल्या खिडक्या उघडल्या. "वर्कशॉपात माझ्या कामावर बॅटरी मारायची कोणाची टाप नव्हती!"

हे साफ खोटं होतं. माझं प्रत्येक काम तपासलं जायचं, तसा नियमच होता.

"एवढा भरवसा आहे, तर डोळ्यात थेंब घालताना आईला हाका कशाला मारता?"

"नोकरी लागली म्हणून शिंगं फुटली काय तुला? जा, एस.टी.नं जा. माझी गाडी नको नेऊस."

"मी मागितली नव्हती. तुम्ही दिलीत. दिलीत ती पण अशी, रोज डोक्यावर मारून."

मी हातातला स्क्रू ड्रायव्हर फेकला. तिच्या अंगावर नाही, भिंतीवर. ती आत गेली आणि दार आपटलं. मी ओट्यावर बसून दोन कप चहा प्यायलो, मनातल्या मनात तिला आणखी बरंच काही सुनावलं. मग उठून पाणी भरलं, कूलंट ओतलं, दहा मिनिटं इंजिन चालवलं. थेंब गळला नाही. बॉनेट बंद केलं.

सोमवारी साडेसातला ती निघाली. सुमननं दह्याची वाटी हातावर ठेवली, बाबासाहेबांच्या फोटोला हात जोडून पोरगी बाहेर पडली. मी आतल्या खोलीत पेपर तोंडासमोर धरून बसलो होतो. ती दाराशी थांबली. "येते पप्पा," म्हणाली. मी पान उलटलं.

दहाला फोन आला. मागं एस.टी.चा खडखडाट मी लगेच ओळखला.

"गाडी भावडबारी घाटाच्या पायथ्याला बंद करून ठेवलीय. गरम झाली होती. काटा वर गेलेला दिसला तशी लगेच थांबवली. चावी तिथल्या चहाच्या टपरीवर दिलीय. मी बसमध्ये आहे."

"काय झालं?"

"पाइप."

"तुला सांगत होतो सगळं बदलू! अर्धवट कामं केलीस त्याचं हे—"

"अकरा वाजायला एक तास आहे, पप्पा. मला आत्ता भांडता येणार नाही." फोन बंद.

मी देवरामला बोलावलं. त्याच्या जीपमधून निघालो. पिंपळगावचा टोलनाका मागे पडला तरी मी बोलतच होतो. ही पोरगी कशी डोक्यावर बसली, सुमननं कसं लाडावून ठेवलं, शिकलेल्या पोरांना हातानं काम करणाऱ्याची कशी किंमत नाही. पाइप दुकानदारानं डुप्लिकेट दिला असणार, हेही दोनदा सांगून झालं. देवराम हूं हूं करत होता. मधूनमधून मी तेजलला फोन लावत होतो, ती उचलत नव्हती. अकरा वाजले तेव्हा आम्ही चांदवडच्या अलीकडे होतो. सव्वाअकरा, साडेअकरा. सुमनचा फोन आला, "झाली का हजर?" मी तिच्यावरच खेकसलो, "मला काय माहीत!" गेली असेल नोकरी तर माझ्याच गाडीपायी गेली, आणि हे ती मला मरेपर्यंत ऐकवणार, असं वाटत होतं. ऐकवणार नाही, नुसती गप्प राहणार, हेही वाटत होतं. ते जास्त वाईट होतं.

सोग्रस फाट्यावरून वळलो आणि बाराला गाडीजवळ पोचलो. टपरीवाला म्हातारा चावी घेऊन समोर आला.

"तुम्हीच का वडील? ताई बोलल्या, पाइप फुटला म्हणून. वडील येतील, ते बघतील, तोवर कुणाला हात लावू देऊ नका, असं लय बजावून गेल्या. एक मेकॅनिक थांबला व्हता मोटरसायकलवाला, बघतो म्हणाला. त्याला बॉनेट उघडू दिलं नाय बघा. तो गेल्यावर स्वतःच उघडून काय तरी करत बसल्या. त्या नादात एक बस गेली की त्यांची."

मी बॉनेट उघडलं. चष्मा पुसला, देवरामची बॅटरी घेतली.

खालचा पाइप जागेवर होता. कुठं चीर नाही, भोक नाही, काही नाही. क्लिप घट्ट आवळलेली. क्लिपच्या स्क्रूवर नव्या, ताज्या ओरखड्यांचे डाग होते. स्क्रू ड्रायव्हर दोनतीनदा सटकून, मग परत जमवून आवळल्यासारखे. शिकाऊ हाताचं काम होतं. आणि पाइपाच्या टोकाखाली सगळीकडे कूलंटचा हिरवा ओघळ वाळलेला.

म्हणजे पाइप फुटलाच नव्हता. निसटला होता. रविवारी पाइप सरकवून मी क्लिप नुसती जागेवर ठेवली होती, तेवढ्यात तेजल आली, आम्ही भांडलो आणि चहा पिऊन उठल्यावर मी सरळ पाणी भरलं होतं. घरासमोर दहा मिनिटं टिकलं ते चढ लागताच सुटलं. माझ्या उभ्या आयुष्यातली पहिली सुटी क्लिप मी पोरीच्या गाडीत ठेवली होती. अकराच्या आत पोचायचं असलेल्या पोरीच्या. आणि तिनं ती परक्या मेकॅनिकला दिसू नये म्हणून त्याला परत पाठवलं, भाजणाऱ्या इंजिनात हात घालून स्वतः आवळली, आणि बस सोडली.

"काय दादा?" देवरामनं मागून विचारलं.

"पाइप खराब निघाला," मी म्हणालो. तोंडातून गेलंच.

देवराम वाकला, बघितलं. त्याला दिसायचं ते दिसलं, चौदा वर्षं माझ्याबरोबर काम केलेला माणूस. "हां," तो म्हणाला, "आजकाल सामान तसंच येतं." आणि पाण्याचा कॅन आणायला जीपकडे गेला.

तेवढ्यात फोन वाजला. तेजल.

"झाले हजर," ती म्हणाली. आवाज बसला होता. "अकरा दहाला पोचले. साहेबांनी तासभर बाहेर बसवून ठेवलं, पत्र दोनदा वाचलं, मग घेतली सही. पाइप फुटला असं सांगितलंय मी इथं. आईलाही तेच सांगितलं. तुम्हीही तेच सांगा."

ती नुसतीच माझी बाजू सावरत होती असं नाही. ती मला काय बोलायचं ते शिकवत होती, खोटं बोलायला शिकवत होती, आणि मी तिच्याआधीच ते बोलून बसलो होतो.

"क्लिप मी आवळली नव्हती," मी म्हणालो. मोठ्यानं म्हणालो. देवराम कॅन घेऊन जागच्या जागी उभा राहिला, टपरीवरची चार माणसं वळून बघायला लागली. "तेजल, ऐकू येतंय का? पाइप चांगला होता. जुनाही चांगला होता. तू फुली मारलीस म्हणून मी तो काढला आणि क्लिप आवळायची विसरलो. तुझी नोकरी जाता जाता राहिली ती माझ्यामुळे."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तू बघितलं होतंस ना? मग फोनवर बोलली का नाहीस? मी तुलाच बोल लावत होतो, तेव्हा शिव्या का नाही दिल्यास मला?"

"बसमध्ये माणसं होती, पप्पा," ती म्हणाली. "देणार आहे. शनिवारी घरी येते, तेव्हा देणार आहे. सगळ्या देणार आहे."

"दे," मी म्हणालो.

"हाताला फोड आलेत माझ्या," ती म्हणाली आणि मग तिला रडू फुटलं. मी रस्त्याकडे तोंड करून फोन कानाला धरून उभा राहिलो, तिचं होईपर्यंत.