बांधावरची गाडी

हरभऱ्याचे घाटे भरले आणि वावरात हरणं शिरायला लागली, तेव्हा प्रज्ञा पुण्याहून काष्टीला घरी आपली गाडी घेऊन आली. गाडी म्हणजे गुडघ्याएवढं, चार चाकांचं यंत्र. खांबांवरच्या कॅमेऱ्यांत हरीण दिसलं की ती बांधावरून धावत जाई आणि भोंगा वाजवून त्याला परतवी. पुढचं हरीण कुठून येणार हे तिला ठाऊक नसे. दिसेल त्यावर तिथल्या तिथं ठरवायचं. ते कसं ठरवावं, हाच प्रज्ञाच्या पीएच.डी.चा विषय होता.

तिचे वडील सोपानदादा बाजेवर बसून बघत होते. डावीकडून एक हरीण आलं, गाडी निघाली. तेवढ्यात उजवीकडं अख्खा कळप दिसला. गाडी थबकली आणि उलटी फिरली.

"अगं, ते एकटं आत चाललंय की!"

"जाऊ द्या, दादा. त्याच्यामागं गेली तर कळप शिरेल. सगळी अडवता येत नाहीत, जास्तीत जास्त अडवायची."

"जाऊ द्या कसं?" टॉवेल फिरवत दादा पळालेसुद्धा.

हरीण परतलं, पण प्रज्ञाचा प्रयोग फसला. "एकटी गाडी किती अडवते ते बघायचंय मला! तुम्ही मधे आलात तर कसं कळणार?"

दादांनी मधे न यायचं कबूल केलं आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा धावले. मग तिनं त्यांच्या चपला लपवल्या, तर अनवाणीच गेले. ढेकळांतून धापा टाकत ते परत आले, तेव्हा ती रागवायचं विसरून पाण्याचा तांब्या घेऊन पुढं झाली.

"येवढा दम लागतोय, कशाला पळता?"

"तू येवढी खपून बनवलीस. एखादं शिरलं तर लोकं गाडीला नावं ठेवतील."

दुपारभर प्रज्ञा लॅपटॉप घेऊन बसली आणि दादांचा मोबाईल गाडीला जोडला. आता ते कुठं आहेत हे गाडीला कळणार होतं. ते असतील ती बाजू सोडून ती दुसरी सांभाळणार होती.

सकाळी दादा डावीकडं गेले, गाडी उजवीकडं गेली. ते उजवीकडं आले, ती डावीकडं.

"अगं, माझं ऐकती बघ!" ते भाकरी घेऊन आलेल्या बायकोला, गीताबाईंना, ओरडून म्हणाले.

"ऐकती कुठं? तुमी जाल तिथनं लांब पळती," गीताबाई म्हणाल्या, आणि मायलेकी हसत सुटल्या.

हरभरा बराचसा वाचला. प्रज्ञाच्या प्रबंधात एक प्रकरण वाढलं: राखणदार दोन, त्यातला एक कुणाचं न ऐकणारा. गाडी पुण्याला निघाली त्या दिवशी दादांनी ती कोरड्या फडक्यानं पुसली, गोधडीत गुंडाळून टेम्पोत ठेवली आणि ड्रायव्हरला दोनदा बजावलं, "खड्ड्यात हळू घ्या बरं का."